सोसायटीचे नियम पाळले जावेत यासाठी कमिटीने काय करावं

जिन्याखाली लावलेली दुचाकी, पॅसेजमधली चपलांची कपाटं, रात्री अकरानंतरचं ड्रिलिंग. तक्रारी ठरलेल्याच असतात. कमिटी मात्र एक तर गप्प बसते किंवा थेट ग्रुपवर नाव घेऊन झापते. गप्प बसलं तर नियम पाळणाऱ्यांवर अन्याय होतो आणि ग्रुपवर झापलं तर हाती फक्त भांडण उरतं. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना यासाठी सरळ कार्यपद्धती उपलब्ध आहे. ती कंटाळवाणी वाटली तरी टिकते.

सुरुवात नियम खरंच आहे का, इथून करा. सेक्रेटरीने नोटीस बोर्डावर लावलेला कागद म्हणजे नियम नव्हे. नोंदणीकृत उपविधी (संस्थेची नियमावली, म्हणजे बाय-लॉज) किंवा सर्वसाधारण सभेचा ठराव यांचा आधार लागतो. उपविधी बदलायचे असतील तर सभेची मंजुरी पुरत नाही. निबंधकाकडे (सहकारी संस्थांची नोंदणी करणारा सरकारी अधिकारी) दुरुस्ती नोंदवली गेल्यावरच ती लागू होते. कुत्रा-मांजर पाळण्यावर सरसकट बंदी घालणारे ठराव अनेक ठिकाणी होतात, पण ते कायद्यापुढे टिकत नाहीत. असले ठराव आधी बाजूला काढा.

मग माणसाशी बोला. चेअरमन आणि आणखी एका सदस्याने घरी जाऊन दहा मिनिटं बोलावं. निम्म्या गोष्टी तिथेच मिटतात. गाडी जिन्याखाली का लागते, तर त्यांच्या जागेवर दुसऱ्याचीच गाडी असते, हेही तिथेच कळतं.

बोलून फरक पडला नाही तर पत्र द्या. सगळी मेहनत या पत्रावर घ्या, कारण पुढचं सारं प्रकरण त्याच्यावरच उभं राहतं. ‘आपण वारंवार नियमभंग करत आहात’ या वाक्याला काही किंमत नाही. असं लिहा: ‘12 मार्च रोजी रात्री 9 ते सकाळी 8 या वेळेत आपली दुचाकी बी विंगच्या जिन्याखाली, आगीच्या होज रीलच्या पेटीसमोर उभी होती. त्यामुळे पेटीचं दार उघडत नव्हतं.’ सोबत फोटो, उपविधीचा किंवा ठरावाचा क्रमांक आणि दुरुस्तीसाठी मुदत द्या. स्वभाव, जात, जुनी भांडणं यांचा उल्लेख नको. पत्राची पोहोच घ्या. घेत नसतील तर नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा. घरात भाडेकरू असेल तर पत्र मूळ सभासदाच्या नावे, प्रत भाडेकरूला.

तरीही सुधारणा नसेल तर कारणे दाखवा नोटीस, आणि मग विषय सर्वसाधारण सभेपुढे. दंडाचा निर्णय सभेचा असतो, कमिटीचा नाही. सभेच्या नोटिशीत विषय स्पष्ट छापा (वार्षिक सभेला पूर्ण 14 दिवसांची नोटीस लागते) आणि त्या सभासदाला बोलू द्या. त्याचं म्हणणं इतिवृत्तात जसंच्या तसं नोंदवा. आदर्श उपविधींनुसार (सहकार खात्याने दिलेला उपविधींचा नमुना) दंडाला आर्थिक वर्षात 5,000 रुपयांची मर्यादा आहे. ठराव झाला की रक्कम बिलात वेगळ्या रकान्यात दाखवा, मेंटेनन्समध्ये मिसळू नका.

तीच दुचाकी खजिनदाराची असती तर? त्यालाही तेच पत्र, तीच मुदत, आणि त्या विषयावरच्या बैठकीत त्याने बसू नये. इथे कमिटी डळमळली की पुढच्या प्रत्येक नोटिशीला ‘आधी त्यांना दिलीत का?’ हाच प्रश्न येणार, आणि तो रास्तच असणार.

पाणी तोडणं, वीज बंद करणं, थकबाकीदारांची नावं लिफ्टमध्ये चिकटवणं हे कधीही करू नका. चीड कितीही रास्त असली तरी त्या घरात म्हातारी माणसं आणि लेकरंही राहतात, आणि न्यायालयात मग कमिटीच आरोपीच्या जागी उभी राहते.

मेंटेनन्स थकला असेल तर मार्ग वेगळा. व्याज सरळव्याजाने, वर्षाला 21 टक्क्यांपर्यंतच. वसुलीसाठी सहकार कायद्याच्या कलम 154ब-29 खाली निबंधकाकडे अर्ज करून वसुली दाखला (थकबाकी वसूल करण्याचा आदेश) मिळवता येतो. सभासद आणि संस्थेतला बाकीचा वाद कलम 91 खाली सहकार न्यायालयात जातो, अनधिकृत बांधकाम महापालिकेकडे आणि रात्री 10 नंतरचे लाउडस्पीकर पोलिसांकडे. तुमची इमारत सोसायटी नसून 1970च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालचं असोसिएशन असेल, तर आधी घोषणापत्र (इमारत या कायद्याखाली आणणारा नोंदणीकृत दस्त) आणि त्याला जोडलेले उपविधी काढून वाचा. त्या कायद्याच्या कलम 7 प्रमाणे नियमभंगाविरुद्ध असोसिएशनप्रमाणेच त्रास झालेला एकटा फ्लॅटधारकही नुकसानभरपाई किंवा मनाई हुकूम मागू शकतो.