इतिहासाच्या अभ्यासासाठी लायब्ररीत साधनं कशी शोधायची: नवीन लोकांसाठी माझा अनुभव

मी १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीवर काम सुरू केलं तेव्हा पहिले दोन आठवडे इतिहासाच्या रॅक पालथ्या घातल्या आणि हाती जवळजवळ काहीच लागलं नाही. शेवटी ग्रंथपाल मॅडमनी विचारलं, "विषय काय आहे गं तुझा?" सांगितल्यावर त्या मला थेट ६१४ नंबरच्या रॅकपाशी घेऊन गेल्या. ड्यूई पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार नंबर देऊन लावायच्या पद्धतीत, ९०० म्हणजे इतिहास एवढंच मला पाठ होतं, पण साथीचे रोग ६१४ मध्ये बसतात, रेल्वे ३८५ मध्ये, म्हणजे तुमच्या विषयाचा इतिहास इतिहासाच्या रॅकवर असेलच असं नाही. तेव्हा ग्रंथपालांकडे नुसतं पुस्तकाचं नाव घेऊन जाऊ नका, काय शोधताय ते नीट सांगा, त्या माणसांना खरंच खूप माहीत असतं.

दुसरं म्हणजे सर्चमध्ये टाकायचे शब्द. मी १९१८ च्या पेपरांत 'फर्स्ट वर्ल्ड वॉर' टाकून शोधत बसले होते, पण दुसरं व्हायच्या आधी त्याला पहिलं क्वचितच कोणी म्हणायचं, तेव्हा ते बहुतेक ठिकाणी 'ग्रेट वॉर' होतं. साथीचंही तेच, कुठे इन्फ्लुएंझा, कुठे स्पॅनिश फ्लू, फ्रेंचमध्ये ग्रिप. शहरांची नावंही बदलतात, सेंट पीटर्सबर्गचं १९१४ ला पेट्रोग्राड झालं, १९२४ ला लेनिनग्राड, आणि १९९१ ला परत जुनं नाव आलं. वहीचं एक पान फक्त त्या काळच्या शब्दांसाठी ठेवा. आणि स्कॅन केलेल्या पेपरात सर्च रिकामा आला म्हणजे बातमी नाहीच असं धरू नका, पुसट छपाई मशीनला नीट वाचता येत नाही, तारीख धरून पानं स्वतः चाळा.

सरकारी अहवालांचं एक लक्षात ठेवा, १९१८ चा अहवाल छापला जातो १९१९ ला किंवा त्याच्याही नंतर, त्यामुळे प्रकाशनाचं वर्ष १९१८ टाकलं की नेमका तोच निसटतो.

आता तळटीपा, मला सगळ्यात जास्त इथेच मिळालं. विषयावरचं एक चांगलं, अलीकडचं पुस्तक घ्या आणि त्याच्या तळटीपा धरून मागे मागे जा. मृतांचा एक आकडा मला तीन पुस्तकांत मिळाला, वाटलं पक्का झाला, पण तिघांच्या तळटीपा एकाच जुन्या अहवालाकडे जात होत्या, आणि तो काढून बघितला तर आकडा फक्त तीन महिन्यांचा होता, पुस्तकांत मात्र अख्ख्या वर्षाचा म्हणून आलेला. तीन नाही, एकच साधन होतं ते, आणि तेही चुकीचं वाचलेलं.

जमेल तेव्हा जुन्या पेपरांचे बाइंड केलेले मूळ अंक मागवा. ऑक्टोबर १९१८ चे अंक मी एकेक पान जपून उलटत होते, पहिल्या पानावर सगळं युद्धच, साथीची बातमी आत कुठेतरी चार ओळींत, पण निधनाच्या नोटिसांचा रकाना बघितला तर तो रोज थोडा थोडा लांबत गेलेला. कुठलाही शब्द सर्च करून हे मला दिसलं नसतं.

फोटो काढायची परवानगी असेल तर आधी मुखपृष्ठाचा आणि कॉल नंबरचा (पुस्तकाची रॅकवरची जागा सांगणारा नंबर) फोटो घ्या, मगच आतल्या पानांचे. माझ्याकडे अजून चाळीसेक पानांचे फोटो पडून आहेत, मजकूर अगदी हवा तसा आहे पण कुठल्या खंडातला ते कळत नाही, म्हणून वापरता येत नाहीत.