समोर नुसता वॉलपेपर? स्क्रीन शेअर करताना या चुका टाळा

डिचोलीच्या मावशीला देवळाच्या जमाखर्चाची एक्सेल जुळत नव्हती. तिच्याकडे लेकीचा जुना मॅकबुक, म्हापशात माझ्याकडे विंडोज. जोडणी झाली आणि मला दिसला फक्त डोंगराचा वॉलपेपर.

"मावशी, फाइल उघड."
"अरे, उघडलीय की! समोर तर आहे."

अर्धा तास मी पावसाला आणि नेटला शिव्या घातल्या. नेट बिचारं ठीक होतं. २०१९च्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅकओएस (मॅकची सिस्टीम) परवानगीशिवाय इतर अ‍ॅपच्या विंडो दाखवतच नाही. सिस्टीम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन आपल्या स्क्रीन शेअरच्या अ‍ॅपला स्क्रीन रेकॉर्डिंग आणि, माउस-कीबोर्ड चालवायचा तर, अ‍ॅक्सेसिबिलिटी द्यायची. मग अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचं. हे शेवटचं सगळेच विसरतात. आणि हे सगळं तिकडच्याच माणसाने करायचं, कारण ती सेटिंगची विंडोसुद्धा आपल्याला दिसत नसते! मावशीला ते फोनवर सांगताना 'डावीकडचं बटण' म्हणजे कोणतं, यावरच दहा मिनिटं गेली.

उबुंटूवर (लिनक्सवर) काळा पडदा आला तर आधी वेलँडवर, म्हणजे पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या नव्या यंत्रणेवर, संशय घ्या. उबुंटूची आवृत्ती २२.०४ किंवा २४.०४ असेल तर लॉगिन करताना नाव निवडल्यावर कोपऱ्यात चाक येतं, तिथून 'उबुंटू ऑन झॉर्ग' निवडा, झॉर्ग ही जुनी यंत्रणा. २५.१० मध्ये हा पर्यायच काढलाय. तिथे वेलँड चालणारं अ‍ॅप शोधा.

विंडोजचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप होम आवृत्तीवर दुसऱ्याला आत घेत नाही, त्याला प्रो लागतं. होमवर डोकं आपटण्यापेक्षा क्रोम रिमोट डेस्कटॉप घ्या, तिन्हीकडे चालतं. मध्येच पडदा गोठला तर बहुधा तिकडे 'परवानगी द्यायची का' असा चौकोन आलेला असतो. तिकडच्यालाच 'येस' दाबायला सांगा. आणि सोय म्हणून राउटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा, उघडून ठेवायचा नाही. तो कुठे शोधायचा, हे चोरांना पाठ असतं.

मॅकवर कंट्रोल-सी दाबून कॉपी होत नाही, तिथे कमांड असते. कोणती कळ कशाला लागते ते अ‍ॅपच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये पाहा.

परवानग्या देऊन झाल्या, एक्सेल दिसली, तेवढ्यात मावशी चहा ठेवायला उठली आणि सवयीने लॅपटॉप मिटून गेली.