परड्यात भाजी पण आणि कोंबड्या पण: शिमग्यापासून वळवापर्यंत काय कसं करायचं

कोंबड्या पाळल्या की भाजी होत नाही असं आमच्या बेळगावजवळच्या येळ्ळूर-उचगाव पट्ट्यात सगळेच म्हणतात, आणि ते अर्धंच खरं आहे. मोकळ्या सोडल्या तर खरंच काय ठेवत नाहीत, मेथी दोन पानांवर आली की दुपारपर्यंत साफ. पण परड्यात, म्हणजे घरामागच्या जागेत, त्यांची पाळी ठरवून दिली, म्हणजे कधी आत घ्यायच्या आणि कधी बाहेर ठेवायच्या, तर निम्मी भांगलण (तण काढायचं काम) त्याच करतात, किडे पण वेचतात आणि वर खत फुकट. अर्ध्या गुंठ्याच्या परड्याला 4-5 कोंबड्या बास, दहा-बारा ठेवल्या तर माती उघडी पडते आणि वास सुटतो, मग शेजारच्या काकू भांडायला येणारच.

पहिली पाळी शिमग्याच्या आसपास. नवलकोल, पावटा संपलेला असतो, वाफे रिकामे. देठं-पाला उपटून तिथंच टाकायचा, संध्याकाळी पाणी मारायचं आणि सकाळी कोंबड्या आत. ओल्या मातीत त्या जेवढं उकरतात तेवढं तुम्ही खुरप्यानं पण नाही करणार. आठ-दहा दिवस चालू दे, अळ्या, कोष, तणाचं बी सगळं वर येतंय आणि पोटात जातंय. नंतर मात्र दुसऱ्या पाळीपर्यंत दार बंद, काय पण झालं तरी.

आता पेरणी. भेंडीचं बी रात्रभर भिजवून एक-एक फुटावर टोकायचं, गवार तशीच, आणि कडेनं दोडका, पडवळ, कारलं. दुकानातलं गुलाबी-निळा रंग लावलेलं बी असतं ना, त्याला औषध चोळलेलं असतं, उरलेलं कोंबड्यांपुढं टाकू नका आणि सांडलेलं पण वेचून घ्या. कुंपणाला चार फूट शेडनेट नाहीतर जुनी मासे धरायची जाळी चालते, बोरीच्या काट्या खालून लावल्या की झालं. ज्या कोंबड्या कुंपणावर चढतात त्यांची एका पंखाची लांब पिसं टोकाकडून कात्रीनं कापायची (कोवळ्या पिसात रक्त असतं, ती सोडून), दुखत नाही, तोल जातो आणि उडणं बंद.

वेल असतील तर मांडव कराच, कोंबड्या असलेल्या घरात मांडवासारखी दुसरी सोय नाही. फळं वर, कोंबड्या खाली, आणि आपल्याकडं चैत्रात ऊन 36 च्या वर जातं तेव्हा त्यांना ती सावली लागतेच, नाहीतर चोच उघडी टाकून धापा टाकतात आणि अंडी कमी होतात. फक्त वेलाच्या बुडात मऊ ओली माती दिसली की पहिलं तिथंच उकरतात, मुळं उघडी पडतात. म्हणून बुडाभोवती फुटक्या कौलांचे तुकडे आडवे, एकावर एक थोडे चढवून बसवायचे, मध्ये वेलाला तीन बोटं जागा ठेवायची. पाणी फटीतून जातं, नखं अडकत नाहीत, ओल पण टिकते. बाजूला एका कोपऱ्यात कोरडी माती आणि चुलीची राख एकत्र करून ठेवली की धुळीत लोळायला तिकडं जातात, वाफ्यात नाही.

खताचं जरा नीट वाचा, इथंच घोळ होतो. कोंबडीचं खत गरम, ताजं झाडाला घातलं की पानाच्या कडा करपतात. खुराड्यात भाताचा तूस नाहीतर पिंजर (भाताचं वाळलं गवत) अंथरायची आणि ती घाणीसकट काढून ढीग लावायचा, एक घमेलं खताला दोन-तीन घमेली वाळला पाला-पिंजर. पिळलेल्या फडक्याएवढी ओल पाहिजे. तीन-चार दिवसांत हात घातला तर आत चटका बसला पाहिजे, बसला नाही तर पाणी किंवा खत कमी आहे. डोळ्यांत झोंबणारा वास आला तर पिंजर वाढवा. आणि त्या ढिगात राख घालू नका, राखेनं नत्र वासावाटे उडून जातो, राख हवी तर वाफ्याला वेगळी टाका, आपल्या खानापूरकडच्या लाल आंबट मातीला ती चांगलीच. ढीग अधूनमधून पलटायचा, तीन महिन्यांनी खत मातीसारखं काळं, बिनवासाचं होतं. कोथिंबीर, काकडी, मुळा असं कच्चं खायचं असेल तर कच्चं खत त्याच्या जवळ पण नको, तीन-चार महिने मुरलेलंच घाला. वळीव यायच्या आत ढिगावर प्लास्टिक टाकून ठेवा, नाहीतर सगळा कस पाण्याबरोबर गटारीत.

भेंडीची खोडं जाड झाली, म्हणजे दीडेक महिन्यानं, की दुसरी पाळी: संध्याकाळी तासभर कोंबड्या आत आणि अंधार पडायच्या आत खुराड्यात, मुंगूस आणि रानमांजराला दुसरं काय पाहिजे असतं. मिरची-टोमॅटो असेल त्या बाजूला सोडू नका, लाल दिसलं की टोचतात. औषध मारलं असेल तर अजिबात नाही.

राणीखेत म्हणजे कोंबड्यांचा जीवघेणा साथीचा रोग, त्याची लस उन्हाळ्याच्या तोंडावर चुकवू नका. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब, आठ आठवड्यांच्या झाल्या की आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात चौकशी करा. बाटलीत 100-100 डोस येतात म्हणून गल्लीतल्या चार घरांनी मिळून, बर्फात घालून आणायची आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवायची.

पहिला वळीव पडला की त्या संध्याकाळी हुमणीचे (पिकाची मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे जमिनीतून बाहेर पडून कडुलिंबावर, बोरीवर, बाभळीवर बसतात. साडेसात-आठला खाली पोतं अंथरून फांदी हलवा, बदाबदा पडतात. शेतात ते मारायला बादलीत रॉकेल घालतात, तुम्ही नुसतं पाणी घ्या, त्यात भुंगेरे टाका आणि सकाळी गाळून कोंबड्यांपुढं टाका. अट एकच, त्या झाडावर कुणी फवारणी केलेली नको.