रात्री दहानंतर वायफाय बंद

लेक तेरा वर्षांची झाली तेव्हा आधी तिच्यासोबत बसून वेळा ठरवल्या, मगच राउटरला हात लावला. हा क्रम चुकवू नका. गुपचूप लावलेलं कुलूप मुलांना लगेच कळतं आणि विश्वास जातो.

बऱ्याच राउटरच्या सेटिंगमध्ये ‘पेरेंटल कंट्रोल’ असतं. तिथे मुलांचा फोन निवडून रात्री १० ते सकाळी ६ नेट बंद ठेवा. एक मेख आहे: फोनमध्ये ‘रँडम मॅक अ‍ॅड्रेस’ (वायफायवर फोनचा खरा ओळख-क्रमांक लपवून बदलता क्रमांक दाखवणारी सोय) चालू असेल, तर राउटरला तो नवाच फोन वाटू शकतो. घरच्या वायफायपुरतं ते बंद करा. राउटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) म्हणून १.१.१.३ टाकलं की अश्लील साइट बऱ्याच अडतात.

मोबाइल डेटावर मात्र यातलं काहीच चालत नाही. म्हणून रात्री सगळ्यांचे फोन, माझासुद्धा, बाहेरच्या खोलीतच चार्जिंगला लागतात. प्रोजेक्टसाठी तिने अर्धा तास जास्त मागितला, तर मी देते.