वारीची आखणी आपण किती करावी आणि पांडुरंगावर किती सोपवावी

आषाढीच्या पायी वारीला पहिल्यांदा निघणारी माणसे साधारणपणे दोन टोकांना असतात. काहीजण कोणत्या मुक्कामाला काय खायचे येथपासून परतीच्या आरक्षणापर्यंत सर्व काही ठरवून येतात, तर काहीजण ‘माऊली बघून घेतील’ असे म्हणत रक्तदाबाच्या गोळ्यासुद्धा घरी विसरून येतात. दोघांचाही भार अखेर दिंडीवरच पडतो. वास्तविक आज आपण पाहतो तो माऊलींचा पालखी सोहळा एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी शिस्तीत बांधला, त्यासाठी अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, आणि दिंड्यांचा रथापुढचा व रथामागचा क्रम आजही काटेकोरपणे पाळला जातो. ज्यांच्या निष्ठेविषयी कोणी शंका घेणार नाही, त्यांनीच ही व्यवस्था लावून दिली आहे, म्हणून आखणी करण्यात श्रद्धेला उणेपणा येतो असे मानण्याचे कारण नाही.

निघण्यापूर्वी एका कागदावर आपल्या सगळ्या काळज्या लिहून काढाव्यात आणि प्रत्येकीपुढे ते काम कोण करणार त्या माणसाचे नाव लिहावे. ज्या काळजीपुढे नाव लिहिता येते ती आपली, आणि तिची तजवीज करूनच घराबाहेर पडावे. जिच्यापुढे कोणाचेच नाव लिहिता येत नाही ती पांडुरंगाची. शेतकऱ्याच्या बाबतीत ही विभागणी फार स्पष्ट दिसते. बियाणे व खत घरात आणून ठेवणे, पैसे कोणाजवळ द्यायचे ते ठरवणे, वापसा म्हणजे पेरणीजोगी ओल जमिनीत आल्याशिवाय पेरणीची घाई करू नये हे धाकट्या भावाला किंवा मुलाला समजावून सांगणे, एवढे आपल्या हातात असते. पाऊस मात्र कोणाच्याही नावावर लिहिता येत नाही. नोकरदाराने रजा मंजूर करून घ्यावी, आपले काम कोणाकडे सोपवले ते कळवून ठेवावे आणि कागदावरची ती ओळ खोडून टाकावी.

दिंडी निवडताना ओळखीच्या वारकऱ्याबरोबर जावे, भिशी म्हणजे दिंडीची वर्गणी वेळेत भरावी, आणि मुक्कामाचे तंबू, सामानाचा ट्रक व पाण्याचा टँकर यांची व्यवस्था दिंडीप्रमुखांना आधीच विचारून घ्यावी. वळकटी आटोपशीर असावी, औषधे मात्र ट्रकमध्ये न टाकता खांद्यावरच्या पिशवीत ठेवावीत, आणि डोक्यावरून पाठीपर्यंत येईल एवढा प्लास्टिकचा कागद त्या पिशवीतच असावा. चप्पल नवी घेऊ नये. पुणे ते सासवड हा टप्पा सर्वांत लांबचा, त्यातच दिवे घाटाची चढण, आणि तिथीप्रमाणे त्या दिवशी बहुधा एकादशीचा उपवास असतो. म्हणून उपवास कितपत झेपेल हे डॉक्टरांना आधीच विचारावे. प्रकृतीची ही चौकशी देवावर टाकण्यासारखी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोपवण्याचा खरा सराव वाटेवर होतो. सकाळी काकड्यानंतर कागदावर उरलेल्या ओळी एकदा वाचाव्यात, एकेका काळजीचे नाव घेऊन ती पांडुरंगाच्या पायाशी ठेवावी, आणि संध्याकाळपर्यंत तो कागद पुन्हा उघडू नये. पाऊस पडला का म्हणून घरी दर तासाला फोन करणारा माणूस काळजी सोपवून लगेच परत मागत असतो; त्याने फोनसाठी मुक्कामावरची एक वेळ नेमून घ्यावी. मन तरीही मागे वळेल, त्याचा अपराध वाटून घेऊ नये. टाळाच्या ठेक्यावर पावले टाकत राहावे आणि पुढचा अभंग सुरू झाला की तो म्हणावा.

सोपवणे म्हणजे तक्रार गिळून टाकणे नव्हे, हेही वारीतच शिकावे. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात आणि एवढा मोठा जनसमुदाय क्षणात शांत होतो. पण एखाद्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल तर तिचे टाळ तेवढे वाजत राहतात, चोपदार तिच्याकडे जाऊन म्हणणे ऐकून घेतात, आणि हरवलेल्या व सापडलेल्या वस्तूंची घोषणाही तेथेच होते. मग आरती. आपल्या रोजच्या प्रार्थनेलाही हाच क्रम लावावा: अडचण आडपडदा न ठेवता सांगावी, माणसांकडून सुटण्यासारखी असेल तर त्यांच्या कानावर घालावी, आणि त्यानंतर आरतीला उभे राहावे.

पंढरपुरात पोहोचल्यावर सर्वांत मोठी परीक्षा दर्शनाची असते. पदस्पर्शाच्या रांगेत कित्येक तास, कधी दिवसाहूनही अधिक काळ जातो, आणि आपला नंबर एकादशीलाच लागेल याची हमी नसते. त्यामुळे हट्ट धरू नये. चंद्रभागेचे स्नान, नगरप्रदक्षिणा, नामदेव पायरी आणि कळसाचे दर्शन एवढ्यावर वारी पोहोचली असे मानून परतणारे जुने वारकरी दर वर्षी भेटतात, त्यांच्याशी अवश्य बोलावे. परतीचे तिकीट एकादशीच्या संध्याकाळचे काढू नये, कारण त्या गर्दीत बसस्थानक गाठणेच अवघड होते. रजा असल्यास पौर्णिमेच्या गोपाळकाल्यापर्यंत थांबावे. नसल्यास द्वादशीला पारणे सोडून एसटीच्या जादा गाड्यांपैकी मिळेल ती गाडी धरावी.