दुसऱ्या गावच्या थंडीसाठी विणताना: टोपी-हातमोज्यांची तयारी

ठाण्याच्या हवेत लोकरीची टोपी फार तर पहाटे येऊरला फिरायला जाणाऱ्यांना लागते. इथे घरोघरी विणल्या जाणाऱ्या टोप्या आणि हातमोजे बहुतेक बाहेरगावी जातात: लेहला बदली झालेल्या भाच्याला, कॅनडात शिकणाऱ्या लेकीला, मनालीला निघालेल्या शेजाऱ्यांना. घालणारा समोर नसतो आणि ती थंडीही समोर नसते. म्हणून लोकर घ्यायच्या आधी माहिती गोळा करायची. टोपी घट्ट की सैल होणार, हे बरंचसं तिथेच ठरतं.

डोक्याचं माप भुवयांच्या किंचित वरून आणि मागच्या सर्वांत फुगीर भागावरून घ्यायला सांगा. टेप नसेल तर सुतळी गुंडाळून पट्टीवर मोजली तरी चालते. ‘मोठ्या माणसाची साइझ’ एवढ्यावर समाधान मानू नका. मोठ्यांचं डोकं साधारण ५४ ते ५८ सेंटिमीटर असतं आणि या चार सेंटिमीटरांत टोपी कपाळावर रुतते किंवा डोळ्यांवर उतरते. हाताची मापं जास्त लागतात: अंगठा सोडून तळव्याचा घेर, मनगटाचा घेर आणि प्रत्येक बोटाची लांबी. कागदावर हात ठेवून पेन्सिलने कड काढायला सांगा आणि आकडेही लिहून मागवा, कारण फोटो तिरका आला की माप फसतं.

हातमोजे घालून काय करणार, हेही विचारा. नुसतं चालायचं असेल तर अंगठा वेगळा आणि चार बोटं एकत्र असा हातमोजा सर्वांत उबदार, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. सारखा फोन किंवा कॅमेरा हाताळायचा असेल तर बोटं सुटी हवीत. आणि गाडी चालवायची असेल तर स्पष्ट सांगा की विणीतून वारा आत शिरतो, वरून वारा अडवणारा दुसरा मोजा लागेलच.

आता लोकर. गोखले रोडला किंवा जांभळी नाक्याकडे बाजारात जाल तेव्हा गुंडा मनगटाच्या आतल्या बाजूला थोडा वेळ घासून पाहा. तिथे टोचली तर कपाळावर नक्कीच टोचणार. अस्सल लोकर ओल शोषूनही उबदार राहते, म्हणून बर्फाच्या गावासाठी मी तीच सुचवीन. रोज मशीनमध्ये धुतलं जाणार असेल तर मात्र ॲक्रिलिक बरं, कारण गरम पाण्यात घुसळल्यावर साधी लोकर आटते. कोणती आहे याची शंका असेल तर छोटा धागा चिमट्यात धरून सिंकवर जाळा: लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरडते, ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. मध्यम जाडीची २०० ग्रॅम लोकर एक टोपी आणि एका जोडीला पुरते. क्रोशाला जास्त लागते. सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले घ्या, नाहीतर रंगातला फरक उन्हात दिसतो.

सुयांच्या नंबरांनी भल्याभल्यांना गोंधळवलंय. आपल्याकडे जुनी ब्रिटिश पद्धत चालते, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५. अमेरिकन नमुन्यातली ८ नंबरची सुई मात्र ५ मिलिमीटरची. म्हणून मिलिमीटरच पाहायचे.

आणि आता ज्याचा सगळ्यांना कंटाळा येतो ते: नमुन्याचा चौकोन. साधारण १५ सेंटिमीटरचा विणा, धुवा, सपाट वाळवा आणि मधल्या १० सेंटिमीटरांत टाके मोजा. समजा २२ भरले, म्हणजे सेंटिमीटरला २.२. डोकं ५६ सेंटिमीटर असेल तर टोपी ५१-५२ची हवी, ताणून बसली तरच टिकते. ५२ ला २.२ ने गुणलं की ११४ येतात. पण काठाला दोन सुलट-दोन उलट करायचं तर चाराच्या पटीत टाके हवेत आणि माथा आठ भागांत घटवायचा तर आठाच्या पटीत. म्हणून ११२ घ्या, दोन्ही हिशेब जुळतात. क्रोशाची टोपी माथ्यापासून सुरू होते. तिथे घेराला ३.१४ ने भागायचं. ५२ सेंटिमीटरसाठी साडेसोळा सेंटिमीटर व्यासाची सपाट चकती झाली की वाढवणं थांबवायचं आणि सरळ खाली यायचं. मुक्या खांबांची, म्हणजे क्रोशाच्या आखूड टाक्यांची वीण कमी ताणते, म्हणून माझ्या मते क्रोशा टोपीला शोभतो, बोटांच्या मोज्यांना सुयाच बऱ्या.

मोज्यांसाठी दोन्ही बाजूंना टोक असलेल्या आखूड सुयांचा संच, टाके धरून ठेवायला सेफ्टी पिना, बोथट जाड सुई आणि एक वही जवळ ठेवा. पहिल्या मोज्याची प्रत्येक ओळ आणि प्रत्येक बोटाचे टाके वहीत उतरवा. दुसरा त्यावरूनच जुळतो, फक्त अंगठा विरुद्ध बाजूला.

बाळासाठी विणायचं असेल तर गोंडा, मणी, बटण, नाडी काहीही नको. मोज्यांच्या आतलं एकही टोक मोकळं राहू देऊ नका, इवल्या बोटाभोवती धागा गुंडाळला तर रक्त अडतं. आणि घरात झोपवताना बाळाची टोपी काढायची, हे आईला आवर्जून सांगा.

काम दिवाळीच्या फराळाच्या पार्सलाबरोबर जायचं असेल तर गणपती उठल्यावर लगेच सुरुवात करा. ऑक्टोबरमध्ये हाताला घाम येतो आणि धागा सुईला चिकटतो, तेव्हा सकाळची वेळ धरा आणि मांडीवर सुती पंचा ठेवा. पाठवण्याआधी कोमट पाण्यात हलकं धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून सपाट वाळवा. हवा दमट असली तर एक दिवस पंख्याखाली जास्त ठेवा, अर्धवट ओली लोकर पिशवीत कुबट होते. कसं धुवायचं याची चिठ्ठी आणि डागडुजीला त्याच लॉटचा थोडा धागा आत घाला. चकलीच्या डब्यापासून मात्र वेगळ्या, घट्ट बंद पिशवीत.