एक डिस्क गेली तरी बिलिंग थांबू नये म्हणून

इंदूरच्या सियागंजमध्ये ऐन दिवाळीच्या तोंडावर एखाद्या घाऊक पेढीचा बिलिंगचा संगणक बंद पडला, तर माल भरलेली गाडी केवळ बिलावाचून दारात खोळंबते. बहुतेक पेढ्यांवर रोज टॅलीचा बॅकअप घेतला जातो आणि मालक त्यावर निर्धास्त असतात. बॅकअपमुळे हिशेब वाचतो हे खरे. परंतु नवी डिस्क आणून, विंडोज टाकून, टॅली आणि प्रिंटर पुन्हा बसवून पहिले बिल निघेपर्यंत अख्खा दिवस सहज जातो. हा दिवस वाचवायचा असेल, तर रेड-१, म्हणजेच मिररिंग, करून घ्यावे. यात प्रत्येक नोंद एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिली जाते आणि एक डिस्क गेली तरी दुसरीवर काम चालू राहते.

डिस्क शक्यतो एकाच खोक्यातल्या जोडीच्या घेऊ नयेत, कारण एकाच खेपेतल्या डिस्कमध्ये दोष असला तर तो दोन्हींत असण्याचा संभव असतो. क्षमता समान असावी, आणि पारंपरिक हार्ड डिस्क घेत असाल तर एसएमआर प्रकारची (माहितीचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणारी) टाळावी; ती स्वस्त पडते, पण मिरर पुन्हा जुळवताना फार रखडते. विंडोजमधील स्टोरेज स्पेसेस ही मिरर करण्याची सोय विदेसाठी (डेटासाठी) चांगली असली, तरी तीवरून खुद्द विंडोज सुरू होत नाही. म्हणून एकाच संगणकावर सारे काम असेल, तर मदरबोर्डच्या बायोसमधून, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमधून, मिरर करणे सोयीचे ठरते. मात्र बोर्डच जळाला, तर ती जोडी वेगळ्या जातीच्या बोर्डावर ओळखली जाईलच असे नाही. जोडणी करणाऱ्याकडून दोन्ही डिस्कचे सिरियल नंबर ठळक अक्षरांत लिहून डिस्कवर चिकटवून घ्यावेत. घाईत बिघडलेलीऐवजी चांगली डिस्क उपसली जाण्याचा धोका त्यामुळे टळतो.

मिररचा खरा धोका त्याच्या गुणातच आहे. एक डिस्क गेली तरी काम इतके सुरळीत चालते की कोणाच्या काही लक्षातच येत नाही, आणि काही महिन्यांनी दुसरी गेली की दोन डिस्कचा खर्च करूनही पेढी बंदच राहते. यासाठी रेडच्या सॉफ्टवेअरमध्ये ईमेलने सूचना मिळण्याची सोय असल्यास ती चालू करावी, आणि ती मुनीमजी रोज उघडतात त्याच पत्त्यावर यावी. संगणक बसवून गेलेल्या मुलाच्या पत्त्यावर नव्हे. शिवाय महिन्यातून एकदा क्रिस्टल डिस्क इन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये डिस्कची प्रकृती पाहावी. हार्ड डिस्कच्या यादीत ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांचे (खराब झालेल्या जागा मोजणारे) आकडे शून्यावरून वाढू लागले, तर डिस्क चालत असली तरी बदलावी. एसएसडीच्या (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कच्या) बाबतीत उरलेले आयुष्य पाहावे. पण ती काहीही चाहूल न देता एकाएकी बंद पडू शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी एकदा रंगीत तालीम करावी. आधी बॅकअप घ्यावा, संगणक पूर्ण बंद करावा, एका डिस्कची केबल काढावी आणि पुन्हा सुरू करून एक बिल छापून पाहावे. सूचना आली का, हेही तपासावे. नंतर संगणक बंद करून केबल जोडली की नक्कल पुन्हा जुळू लागते, किंवा सॉफ्टवेअरमधून तसे सांगावे लागते. सेकंदाला १०० एमबी वेग धरला तरी १ टीबीच्या डिस्कला पावणेतीन तासांहून अधिक वेळ लागतो, आणि त्याच वेळी बिलिंग चालू असेल तर आणखी. तोवर वीज जाऊ नये म्हणून यूपीएस हवाच, आणि त्याची जुनी बॅटरी बदललेली हवी.

टॅलीतली चुकून पुसलेली कंपनी, म्हणजे पेढीचा तिथला सारा हिशेब, मात्र त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून पुसली जाते. तेव्हा रोजचा बॅकअप सोडू नये. तो टॅलीत कंपनी बंद करून घ्यावा, बाहेरच्या डिस्कवर ठेवावा आणि ती डिस्क रात्री घरी न्यावी.